बाबा, डिस्नेलँड आणि गाडीचं गेज

परवा एका मैत्रिणीचा फोन आला, तुम्ही सगळी डिस्नेलँड केलीत ना, मग आम्ही मुलांना घेऊन एकदाच जायचं तर कुठलं करू. मी जी सुरू झाले ती पाऊण तास, शेवटी तीच म्हणाली अगं त्यापेक्षा लिहून टाक ना, मी सावकाश वाचेन. तर हे तिच्यासाठी, आणि अजून कुणाला उपयोग झाला तर बरंच.

सगळी म्हणजे सहा ठिकाणं. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, तोक्यो, पॅरिस, हाँगकाँग, शांघाय. काही ठिकाणी एकाहून जास्त पार्क आहेत ते मोजले तर बारा. आम्ही काही डिस्नेवेडे वगैरे नाही हां, नवऱ्याच्या नोकरीमुळे पाच वर्षं कॅलिफोर्नियात होतो, मग एक ग्रुप टूर, एक ऑफिसची ट्रिप, दोन लेकीच्या हट्टापायी, असं करत करत सहा झाली. पण यातल्या पाच ठिकाणी माझे बाबा बरोबर होते आणि ते सेंट्रल रेल्वेत गार्ड होते. (आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. बाबा त्याच्या दहा वर्षं आधी रिटायर झाले, त्यामुळे ही बढती आपली हुकली असं ते येईल त्याला सांगतात.) तर बाबांचा कुठल्याही जागेला एकच प्रश्न असतो, गाडी आहे का. आधी मला त्याचा वैताग यायचा, पण आता मलाही वाटायला लागलंय की डिस्नेलँड पारखायला याच्याइतका चांगला प्रश्न नाही.

सुरुवात कॅलिफोर्नियापासून, कारण मूळ पीठ तिथलंच. २०१३ मधे आईबाबा सहा महिने आमच्याकडे आले होते. ॲनाहाइमचं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, संत्र्यांच्या बागा तोडून जेमतेम वर्षभरात बांधलेलं, आणि वॉल्ट डिस्ने स्वतः ज्यात हिंडला असं हे एकच पार्क कारण तो १९६६ ला गेला आणि बाकीची सगळी नंतरची. आता तिथे गेलात तर आधी निराशाच होते, म्हणजे भोवती सगळं शहर वाढलेलं, रस्त्यापलीकडे मोटेल आणि पॅनकेकची हॉटेलं, आणि तो किल्ला! ७७ फूट फक्त. आई म्हणाली, एवढासाच? आमच्या सोसायटीची बिल्डिंग याहून उंच आहे. खरंय तिचं.

पण बाबा किल्ल्यापर्यंत पोचलेच नव्हते. कारण आत शिरलं की सगळ्यात आधी समोर येतं ते रेल्वे स्टेशन. रुळांखालच्या बोगद्यातून पार्कात जायचं, आणि वर खरंखुरं वाफेचं इंजिन धापा टाकत उभं. वॉल्ट डिस्नेला गाड्यांचं प्रचंड वेड होतं, त्याने घराच्या मागच्या अंगणात माणूस बसू शकेल अशी छोटी गाडी बांधून घेतली होती, आणि पार्काची कल्पना निघाली तेव्हा भोवतीने गाडी फिरणार हे आधीपासून ठरलेलं. बाबा थेट रुळांशी वाकून बघायला लागले, तीन फुटी गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) आहे म्हणाले, आपल्या माथेरानचं दोन फुटी. मग ड्रायव्हरशी गप्पा. बाबांचं इंग्रजी रेल्वेपुरतं आहे पण ते तिथे पुरलं, कारण बोलणं सगळं बॉयलर, प्रेशर, वॉटर असंच होतं. त्यात त्यांना कळलं की ही इंजिनं हॉटेलांतल्या वापरलेल्या तळणीच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर चालतात. डोंबिवलीला परत आल्यावर महिनाभर तोच किस्सा चालू होता, अमेरिकेत वडापावच्या तेलावर गाडी चालते.

त्या गाडीने आम्ही तीन फेऱ्या मारल्या. एका ठिकाणी बोगद्यात ग्रँड कॅन्यनचा मोठा देखावा आहे, पुढे डायनोसॉर. नवरा म्हणत होता अरे तिकिटाचे पैसे वसूल करा, राइड्स घ्या. राइड्स घेतल्या नंतर, ते समुद्री चाचेवालं आणि 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' पण, ज्यात बाहुल्यांच्या मधे ताजमहाल आला की होडीतले आपले लोक एकदम टाळ्या वाजवतात. पण मला त्या दिवसातलं आठवतं ते मेन स्ट्रीटवरच्या फायर स्टेशनच्या वरची खोली. तिथे वॉल्टचं छोटं अपार्टमेंट होतं आणि खिडकीत त्याची आठवण म्हणून अजून दिवा लावलेला असतो. संध्याकाळी आई तो दिवा बघून उभी राहिली आणि अगदी सवयीने हात जोडले तिने.

फ्लोरिडा त्याच वर्षी डिसेंबरात. इथे सगळं उलटं. कॅलिफोर्नियात जागा पुरली नाही, आजूबाजूला दुसऱ्यांनी हॉटेलं काढून पैसे केले, हा राग म्हणून की काय फ्लोरिडात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने गुपचूप दलदलीची जमीन घेतली आणि ती किती, तर साधारण सॅन फ्रान्सिस्को शहराएवढी. १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. चार मोठे पार्क, त्यात अंतरं एवढी की दिवसातला दीड तास बसमधेच जातो. मॅजिक किंगडमच्या तर दारापर्यंत गाडी नेताच येत नाही, पार्किंगमधून पुढे तळ्यातून फेरी नाहीतर मोनोरेल. आणि तुम्ही ज्या रस्त्यावरून चालता तो खरं तर वरचा मजला आहे, खाली कामगारांसाठी बोगदे आहेत, कचरा, कपडे, सामान सगळं खालून. मला ते पार्कापेक्षा जास्त भारी वाटलं, पण ते आपल्याला दाखवत नाहीत.

बाबांचा निकाल: इंजिनं एक नंबर. ती मुळात अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीची, मेक्सिकोत युकातानला काम करून थकलेली, १९६९ मधे भंगाराच्या वाटेवर असताना विकत घेऊन नवी केली. बाल्डविन म्हटल्यावर बाबा एकदम, अरे आपली पहिली डब्ल्यूपी इंजिनं पण बाल्डविनचीच! १९४७ ची, ती गोल नाकाची, डेक्कनच्या काळातली वगैरे. मग रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी तमिळ काकांना हे सगळं हिंदीतून, ते काका पण रेल्वेचे निघाले आणि आमचा अर्धा तास गेला.

ॲनिमल किंगडममधे एक मजा. तिथे आशिया म्हणून भाग आहे, आनंदपूर नावाचं खोटं गाव, नेपाळ-भारत-इंडोनेशिया सगळं ढवळून केलेलं. पोपडे उडालेल्या भिंती, फाटलेली पोस्टरं, गंजक्या सायकली, खांबावर वायरींचा गुंता. आणि लोक त्याचे फोटो काढतायत. आई म्हणे, हे बघायला विमानाने आलो होय आपण, हे कल्याण स्टेशनच्या बाहेर फुकट आहे. मी हसले पण खरं सांगू, काम फार बारीक केलंय, ज्याने केलं तो आपल्याकडे येऊन नीट बघून गेलाय.

आता पॅरिस. हे जरा लांबेल.

२०१७ च्या मे महिन्यात आईबाबा, मी आणि तीन वर्षांची लेक, एका टूर कंपनीबरोबर युरोप. चौदा दिवसात नऊ देश टाइप. (नाव लिहीत नाही, जेवण चांगलं होतं त्यांचं.) डिस्नेलँडला मिळाले पाच तास. पॅरिसचं १२ एप्रिल १९९२ ला युरो डिस्ने नावाने उघडलं तेव्हा फ्रेंच लोकांनी नाकं मुरडली होती, एका मोठ्या नाट्यदिग्दर्शिकेने तर त्याला सांस्कृतिक चेर्नोबिल म्हटलं. डिस्नेवाले पण ग्रेट, फ्रान्समधे जाऊन जेवणाबरोबर वाइन द्यायची नाही असा नियम! वर्षभरात तो गुंडाळला. कर्ज एवढं झालं की दोन वर्षांत बंद पडायची वेळ आली होती, एका सौदी राजपुत्राचे पैसे आले तेव्हा सावरलं. पण हे सगळं माहीत नसताना नुसतं बघितलं तर मला सहातलं सगळ्यात देखणं तेच वाटतं. का, तर फ्रान्समधे खरे किल्ले ढिगाने आहेत, त्यामुळे साधा किल्ला बांधून चालणारच नव्हतं, म्हणून गुलाबी, तिरका, परीकथेच्या पुस्तकातून उचलल्यासारखा केलाय. आणि त्याच्या तळघरात ड्रॅगन आहे साखळीने बांधलेला, धूर सोडतो, घोरतो. लेक घाबरून आजीच्या साडीत शिरली आणि मग परत बघायचं म्हणून रडली. आम्ही गेलो तेव्हा मे असून हुडहुडी भरवणारा पाऊस होता, पण मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या मागून छपराखालचे लांब रस्ते काढलेत, न भिजता थेट किल्ल्याजवळ निघता येतं. तोक्योत तर त्यांनी आख्ख्या मेन स्ट्रीटवरच काचेचं छप्पर घातलंय. कॅलिफोर्नियाचा नकाशा उचलून पावसाच्या देशात नेला की अशी डागडुजी आलीच.

तर साडेचारला टूर मॅनेजर म्हणाला सगळे गेटपाशी पाच वाजता. पाच वाजले, सगळे आले, बाबा नाहीत. सव्वापाच. आईचा चेहरा पांढरा, मॅनेजर घामाघूम, बसचा ड्रायव्हर इटालियन, त्याच्या कामाचे तास संपत आलेले म्हणून तो हातवारे करतोय, आणि बसमधली नाशिकची एक काकू हळूच, पार्कात पाकीटमार पण असतात म्हणे. फोन लावला तर बाबांचा फोन आईच्या पर्समधे वाजला. मग माझी ट्यूब पेटली. गेटच्या अगदी शेजारी रेल्वे स्टेशन आहे. पॅरिस शहरातून आरईआर ए ही लोकल येते तिचं ते शेवटचं स्टेशन, पाऊणएक तासाचा रस्ता, आणि तिथेच टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची सुसाट धावणारी गाडी, पण थांबते. मी पळत गेले तर बाबा वरच्या कठड्याला टेकून शांतपणे खाली बघत उभे. मला बघून म्हणाले, ये ये, डबल डेकर आहे बघ, तीनशेने जाते ही. मी काय बोलले ते लिहीत नाही. बसमधे चढल्यावर बेचाळीस लोकांसमोर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, माफ करा, चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यामुळे गाडी लेट झाली. सगळे हसले, काकूंनी लाडू दिला.

तेव्हा पॅरिसला जाणाऱ्यांनो, बसने जाऊ नका. लोकलने जा. दारात उतरता.

शांघाय मी एकटीने केलं, नोव्हेंबर २०१९, ऑफिसचं काम होतं आणि रविवार मोकळा मिळाला. १६ जून २०१६ ला उघडलेलं, म्हणजे सगळ्यात नवं, आणि किल्ला सगळ्यात उंच, १९७ फूट, आपल्या ॲनाहाइमच्या अडीचपट. मेट्रोची ११ नंबरची लाइन थेट डिस्नेच्या नावाच्या स्टेशनात सोडते. ट्रॉनची मोटरसायकलवर ओणवं बसायची राइड आणि तिथला समुद्री चाच्यांचा खेळ, म्हणजे मूळ कॅलिफोर्नियाचा बावन्न वर्षांचा आजोबा वाटावा असा फरक. मी निघण्यापूर्वी एक वाचलं होतं, तिथे बाहेरचं खाणं आणायला बंदी होती म्हणून कायद्याच्या एका विद्यार्थिनीने चक्क कोर्टात केस केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीला नियम बदलावा लागला. माझ्या पर्समधले मेथीचे खाकरे त्या मुलीच्या कृपेने आत गेले. तपासणीवाल्या बाईने पुडा उघडून वास घेतला, कारण उग्र वासाचं चालत नाही, मला वाटलं मेथी गेली आता, पण सोडलं.

रात्री फोनवर बाबांना सगळं सांगितलं. गाडी? म्हटलं पार्काच्या भोवती नाहीये, हे एकच असं आहे की जिथे गाडीच नाही. बाबा क्षणभर गप्प. मग तू दिवसभर काय केलंस?

हाँगकाँग जानेवारी २०२४. हे सगळ्यात आटोपशीर, आणि मैत्रिणीचा प्रश्न छोट्या मुलांचा असेल तर आणि विमानाचं तिकीट बघता, मी हेच सांगते. एका दिवसात नीट होतं, २०२० मधे किल्ला मोठा केलाय, फ्रोझनचं गाव नुकतंच उघडलं होतं. व्हिसाची भानगड नाही, निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी केली की झालं. आणि मेट्रो! सनी बे नावाच्या स्टेशनला बदलायचं, मग साडेतीन किलोमीटरची खास डिस्नेची लाइन, खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या, धरायच्या कड्या पण तशाच. गाडीला ड्रायव्हर नाही आणि गार्डही नाही. बाबा कडीला धरून उभे, चेहरा असा की लग्नात मानपान झाला नाही.

पण तिथे दुसरी एक गोष्ट आईला आवडली. हाँगकाँगचं पार्क फेंगशुईने बांधलंय, म्हणजे आपल्या वास्तुशास्त्राचा चिनी चुलतभाऊ. मुख्य दाराची दिशा बारा अंशांनी फिरवली, स्टेशनपासून दारापर्यंतच्या रस्त्याला मुद्दाम वळण दिलं, का तर सरळ रस्त्याने लक्ष्मी वाहून समुद्रात जाईल. हॉटेलात चौथा मजला नाही कारण चार म्हणजे मृत्यू, आणि हॉल ८८८ चौरस मीटरचा कारण आठ म्हणजे पैसा. मी आईला हे त्या वळणावर उभी राहून सांगितलं, तर ती म्हणाली, बघ, आणि मी आग्नेयेला ओटा पाहिजे म्हटलं तेव्हा तुम्ही दोघं हसला होतात.

राहिलं तोक्यो. खरं तर मी तोक्योबद्दलच लिहायला बसले होते.

नोव्हेंबर २०२४, बाबा बहात्तरचे, गुडघे कुरकुरायला लागलेले. तोक्यो स्टेशनात केइयो लाइनचा प्लॅटफॉर्म एवढा लांब आहे की स्टेशनात चालतोय की पुढच्या स्टेशनापर्यंत असं वाटतं, सरकते पट्टे आहेत तरी. मग पंधरा मिनिटात माइहामा, म्हणजे डिस्नेलँडचं स्टेशन. वाटेत आमच्या डब्यात मागे गार्ड होता, पांढरे हातमोजे, प्रत्येक स्टेशनला बाहेर वाकून बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणायचा. सिग्नल बघितला, दारं बघितली, स्वतःलाच ऐकवायचं, त्यांची पद्धतच आहे ती. बाबा काचेला नाक लावून.

आता मुद्द्याचं. तोक्यो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ चं, अमेरिकेबाहेरचं पहिलं, आणि ते डिस्नेच्या मालकीचं नाहीच. ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी, डिस्नेला नावाचे पैसे देते आणि बाकी सगळं स्वतः करते. आणि ही कंपनी १९६० मधे काढणाऱ्यांत केइसेई होती. केइसेई म्हणजे नारिता विमानतळावरून शहरात गाड्या आणते ती रेल्वे कंपनी, आजही तिचा मोठा वाटा आहे त्यात. हे मी बाबांना हॉटेलवर वाचून दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, म्हणजे रेल्वेवाल्यांनी चालवलंय, तरीच.

तरीच म्हणजे काय ते सांगते. परेडच्या आधी तासभर लोक रस्त्याच्या कडेला चटया अंथरून बसतात, चपला काढून, पंगतीला बसावं तसे ओळीत, आणि पुढचा कुणी उठत नाही त्यामुळे मागच्याला दिसतं. बाकी ठिकाणी परेड आली की मुलाला खांद्यावर घेण्याची मारामारी. रांग शंभर मिनिटांची असली तरी कुणी मधे घुसत नाही. आणि पॉपकॉर्नच्या गाडीसमोर पण वीस-पंचवीस माणसं रांगेत, गळ्यात पॉपकॉर्नचे डबे अडकवून, कारण प्रत्येक गाडीवर चव वेगळी, कॅरॅमल, सॉयसॉस-बटर, करी. लेकीने कॅरॅमल घेतलं, आईने करीचं एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, चिवडा आहे हा, फक्त फोडणी कमी पडलीय. तो डबा आता आमच्या डायनिंग टेबलावर असतो, खराच चिवडा भरलेला.

तिकीट पण बघा, हे २०२४ चे भाव. तोक्योत मोठ्या माणसाचं दिवसाचं ७,९०० ते १०,९०० येन, म्हणजे गर्दीच्या दिवशी सुद्धा सहा हजार रुपयांच्या आसपास. कॅलिफोर्नियात गर्दीच्या दिवशी २०० डॉलरच्या वर जातं, त्याचे सतरा हजार करा. १९५५ मधे आत जायला एक डॉलर होता.

दुसरं पार्क डिस्नेसी, २००१ चं, समुद्र आणि बंदरं हीच कल्पना, मधे ज्वालामुखी, तो अधूनमधून पेटतो. एकच पार्क बघायचं असेल आणि मुलं आठ-दहा वर्षांच्या पुढची असतील तर डोळे मिटून हे. त्यात एक छोटी विजेची गाडी आहे, पुलावरून अर्ध्या पार्कात जाणारी. बाबांनी नेहमीप्रमाणे रूळ बघितले आणि माझा दंड धरला. अडीच फुटी आहे! बार्शी लाइटचं गेज! बाबांचं आजोळ कुर्डुवाडीचं, लहानपणी मिरजेहून लातूरला जाणाऱ्या त्या गाडीत ते आजोबांबरोबर बसायचे, आता तिथे ब्रॉडगेज झालंय. ती गाडी आम्ही पाच वेळा केली. पाचव्या वेळी लेक पण मोजायला लागली, आजोबा, सातशे बासष्ट मिलिमीटर ना?

आणि मग मोनोरेल. हॉटेलांना आणि दोन्ही पार्कांना जोडणारी, तिला वेगळं तिकीट पडतं, लोक त्यावर कुरकुरतात. पुढे ड्रायव्हर नाही, आपोआप चालते, म्हणून सगळी पोरंटोरं पुढच्या काचेपाशी धावतात. बाबा पण गेले, पुढे कुणी नाही बघून हाँगकाँगसारखं तोंड केलं आणि मागच्या डब्यात येऊन बसले. आणि तिथे होता. गार्ड. गाडी चालवायला माणूस नाही पण मागे गार्ड आहे, दारं बघायला. एक विशीतली मुलगी, टोपी, हातमोजे, प्रत्येक स्टेशनला बाहेर वाकून बोट दाखवत. आमच्या स्टेशनला उतरताना बाबा तिच्यासमोर थांबले, सरळ झाले आणि कडक सॅल्यूट ठोकला. ती बिचारी आधी गोंधळली, मग कंबरेत वाकून नमस्कार केला, मग परत बोट दाखवून दारं लावली.

मैत्रिणीने सगळं ऐकून तोक्योच बुक केलंय, एप्रिलचं. बाबांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, तिला म्हणावं मोनोरेलमधे मागच्या डब्यात बस, सगळे उगाच पुढे धावतात.